उघडी गाडी, नागपूरचं ऊन आणि वाटेतला पाऊस : छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये काय भरायचं, कुठे आणि कसं

उघड्या छपराच्या दोन सीटांच्या गाडीतून लांब जायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती डिकीची. ती लहान असतेच. जगभर गाजलेल्या माझदा एमएक्स-५ ची डिकी जेमतेम १३० लिटरची आहे. चार सीटांच्या मिनी कूपर कन्व्हर्टिबलमध्येही छप्पर बंद असताना २१५ लिटर आणि उघडं असताना १६० लिटर जागा मिळते, तर जी-२९ पिढीच्या बीएमडब्ल्यू झेड-४ मध्ये २८१ लिटर. पण ऊन, पाऊस आणि थंडीपुरतं बोलायचं तर डिकीत किती मावतं याला दुय्यम महत्त्व आहे. सावनेरच्या पुढे टपोरे थेंब पडायला लागले की डिकीच्या तळाशी असलेला रेनकोट आणि घरी कपाटात राहिलेला रेनकोट सारखाच. म्हणून सामान भरायचं ते वेळेच्या हिशेबानं. कोणती वस्तू बसल्या जागी हात घातला की मिळाली पाहिजे, कोणती गाडी थांबवल्यावर दोन मिनिटांत, आणि कोणती मुक्कामी पोचल्यावर मिळाली तरी चालेल, हे आधी ठरवा. पुढचं सगळं याच हिशेबानं लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट आपल्या गावाची. अशा गाड्यांबद्दल जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुतेक विलायतेतले असतात आणि त्यांची सगळी तयारी पावसाची असते. नागपूरकराला आधी उन्हाची तयारी करावी लागते. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं आणि याच गावात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर आला होता. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला आणि अंबाझरी तलाव ओसंडून आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलं. हे तिन्ही ऋतू गाडीच्या सीटमागच्या वीतभर जागेत बसवायचे आहेत.

पायरी १ : आधी महिना बघा, मग घड्याळ

दिवाळीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आपल्याकडे छप्पर उघडून फिरायचा खरा हंगाम. या दिवसांत रामटेक, पेंच, ताडोबा, चिखलदरा, पचमढी, कुठेही निघा. मार्चपासून मात्र घड्याळ सांभाळावं लागतं. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर छप्पर उघडं, मधल्या वेळात बंद आणि एसी सुरू. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापते नऊ दिवस, लागला की संध्याकाळी सातलाही रस्त्यातून झळा येतात. तेव्हा छप्पर उघडायचा आग्रह धरू नका, त्यात कसलाही आनंद नाही.

फेब्रुवारी ते एप्रिल हा फसवा काळ. सकाळी आभाळ निरभ्र असतं आणि दुपारी चारला वावटळ उठून अवकाळी पाऊस, कधी गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भात अजून कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे निघण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा निघताना हवामान खात्याचा इशारा बघायचाच. 'मौसम' ॲपवर जिल्हावार रंगीत इशारे आणि पुढच्या तीन तासांचा अंदाज मिळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडण्याचा इशारा देतं. उघड्या गाडीवाल्याच्या फोनमध्ये हे ॲप असलंच पाहिजे. पचमढीला निघालात तर फक्त नागपूरचा अंदाज बघून थांबू नका. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली अशा वाटेवर तुम्ही राज्यच ओलांडता, तेव्हा छिंदवाडा आणि नर्मदापुरम जिल्ह्यांचे इशारेही बघा.

पायरी २ : सामानाआधी छप्पर तपासा

छप्पर गळत असेल तर कितीही सामान नेलं तरी उपयोग नाही. निघण्याच्या आठवडाभर आधी अंगणात गाडी उभी करा, छप्पर बंद करा, एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं बागेच्या नळीनं साधं, वरून पडणारं पाणी दहा मिनिटं सोडायचं. प्रेशर वॉशर वापरू नका, त्यानं चांगला जोडही गळतो. आत बसणाऱ्यानं टॉर्च घेऊन तीन जागा बघायच्या : पुढच्या काचेच्या वरचे दोन कोपरे, दाराच्या काचेचा मागचा वरचा कोपरा, आणि मागच्या काचेची शिवण. पाणी बहुतेक वेळा इथूनच येतं.

रबरी पट्ट्या हा नागपुरातला खास प्रश्न आहे. आपल्या उन्हानं त्या कडक होतात, त्यांना बारीक भेगा पडतात. त्यांना सिलिकॉनचं वंगण लावा, बोटावर घेऊन पातळ थर द्या. पेट्रोलियम जेली किंवा इंजिन ऑइल चोळू नका, त्यानं रबर फुगतं आणि लवकर खराब होतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते पाणी निघून जायच्या भोकांकडे. कापडी छपरावरून ओघळलेलं पाणी बाजूच्या पन्हळीत येतं आणि तिथून नळीवाटे गाडीखाली जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे कडुनिंबाची पानगळ होते. सिव्हिल लाइन्ससारख्या झाडीच्या भागात गाडी उभी राहत असेल तर ती बारीक पानं थेट या पन्हळीत जाऊन बसतात. पहिल्या पावसात त्यांचा लगदा होतो, भोक बुजतं आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी गालिच्याखाली उतरतं. पुढचा खर्च फार मोठा असतो. पोर्शे बॉक्सस्टरच्या पहिल्या पिढीत, ९८६ मध्ये, इमोबिलायझरचं (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं) कंट्रोल युनिट सीटखाली आहे. तिथे पाणी साचलं की गाडी सुरूच होत नाही. बीएमडब्ल्यूच्या ई-८५ झेड-४ मध्ये छपराची हायड्रॉलिक मोटर अशाच तुंबलेल्या पाण्यात बुडून निकामी होते. दोन्ही गाड्या पाळणाऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे.

भोकं साफ करायला गवत कापायच्या यंत्रातली नायलॉनची दोरी घ्या, टोक गोल करा आणि हलक्या हातानं आतबाहेर करा. लोखंडी तार नको, ती नळी फाडते. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची जोरदार हवा नको, तिनं नळी आतल्या आत सुटून येते. शेवटी ग्लासभर पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय ना, ते वाकून बघा.

छप्पर लावायचा सराव करा, मुद्दाम घाईत. विजेवर चालणारं छप्पर असेल तर दोन आकडे पाठ हवेत : किती सेकंद लागतात आणि किती वेगापर्यंत ते हलतं. जी-२९ झेड-४ चं छप्पर साधारण १० सेकंदांत लागतं आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालतं. मिनीचं १८ सेकंदांत आणि ताशी ३० पर्यंत. पण हा आकडा कागदावरचा समजा. महामार्गावर मागून ट्रक येत असताना वेग ३० वर आणून छपराचं बटण दाबणं धोक्याचं आहे, कडेला सुरक्षित जागा बघूनच थांबा. हातानं लावायचं छप्पर असेल, किंवा जुन्या एमजी-ट्रायम्फसारखं दांड्या उभ्या करून कापड ताणायचं असेल, तर दोघांनी मिळून सराव करा आणि कोण काय करणार ते ठरवून टाका. जुन्या छपराची मागची काच प्लॅस्टिकची असेल तर छप्पर दुमडताना मध्ये जुनी मऊ सुती चादर घाला. थंडीतल्या पहाटे ते प्लॅस्टिक कडक असतं, तेव्हा दुमडलं तर चिरतं. आधी थोडं ऊन लागू द्या.

पायरी ३ : ऊन

उघड्या गाडीत उन्हाचा अंदाज चुकतो, कारण वारा लागत असतो. हवा साधारण ३५ अंशांच्या खाली असेल तर वारा खरोखर गारवा देतो, पण ४२-४४ अंशांची हवा आपल्या कातडीपेक्षा गरम असते. तो वारा उष्णता अंगावर आणून टाकतो आणि गारवा मिळतो तो फक्त घाम उडून जाताना. घाम इतक्या झपाट्यानं वाळतो की अंग कोरडंच राहतं आणि आपण किती पाणी गमावलं ते कळतच नाही. म्हणून तहान लागायची वाट न बघता दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट प्या. दोन जणांसाठी तीन-चार तासांच्या रस्त्याला निदान पाच लिटर पाणी हवं. त्यातली एक-एक लिटरची थर्मासची बाटली दाराच्या खिशात, बाकीचं डिकीत. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायची असते, अर्धा ग्लास पाण्यात पुडी रिकामी करू नका. पन्हं किंवा मठ्ठा घरून नेलात तर उत्तमच, पण तेही थर्मासमध्ये.

आता अंगावरच्या उन्हाचा हिशेब, जो फार थोडे जण करतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. सकाळी नागपूरहून उत्तरेला, पेंच किंवा छिंदवाड्याकडे निघालात की पूर्व तुमच्या उजव्या हाताला असते. संध्याकाळी दक्षिणेला परत येताना पश्चिमही उजव्या हाताला. म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा चालकाचाच उजवा हात, उजवा कान आणि मानेची उजवी बाजू भाजते; शेजारचा माणूस त्या मानानं बचावतो. समृद्धीनं पश्चिमेला निघालात तर सकाळचं ऊन मानेवर आणि संध्याकाळचं थेट डोळ्यांत. त्यामुळे चालकासाठी उजव्या हाताला पूर्ण बाहीचा सैल सुती शर्ट किंवा दुचाकीवर घालतात त्या ताणणाऱ्या बाह्या पाहिजेतच. सनस्क्रीन ३० एसपीएफ किंवा त्याहून जास्त, निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि दर दोन तासांनी पुन्हा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर मावेल इतकं लागतं. त्याहून कमी लावलं तर डबीवरच्या आकड्याला अर्थ राहत नाही. कान, हाताची मागची बाजू आणि केसांचा भांग हमखास विसरले जातात. पातळ ढग आले तरी सनस्क्रीन थांबवू नका, त्यातून अतिनील किरण येतातच.

डोक्याला आपला दुपट्टाच सर्वांत चांगला. लक्ष्मीनगर-धरमपेठेत दुचाकीवरच्या मुली बांधतात तसा, कान-मान झाकून, पक्का. कॅप घालायची असेल तर दुपट्ट्याखाली घाला, नाहीतर ताशी साठलाच ती उडून मागच्या गाडीवर जाईल. पण एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो : दुपट्ट्याची टोकं मोकळी सोडू नका. नर्तकी इसाडोरा डंकन १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात उघड्या गाडीतून जाताना तिची लांब शाल मागच्या चाकात अडकली आणि त्यातच तिचा जीव गेला. टोकं शर्टाच्या आत खोचा, आणि सीटबेल्ट त्यांच्यावरून घ्या.

गॉगल कडेनंही झाकणारा घ्या. दुसरा पारदर्शक काचांचा चष्मा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा, कारण पेंचच्या पट्ट्यात किंवा खिंडसी तलावाच्या आसपास दिवेलागणीला किडे अक्षरशः तोंडावर आदळतात आणि तेव्हा काळा गॉगल चालत नाही.

आणि गाडीसाठी? पांढरे किंवा फिक्या रंगाचे दोन जाड सुती टॉवेल, दोन्ही सीटांवर. उन्हात उघडी राहिलेली काळी लेदर सीट उघड्या पोटऱ्यांना चटका देते, आणि सीटबेल्टचं धातूचं बकल त्याहून जास्त. थांबताना बकल टॉवेलखाली सरकवायची सवय लावा. पुढच्या काचेची चंदेरी घडीची चादर सीटमागे उभी सरकते, जागा खात नाही. जेवायला थांबलात तर छप्पर बंद करून ही चादर लावा. 'सावलीत लावली आहे' यावर विसंबू नका. दुपारी एकची सावली अडीचला दुसरीकडे गेलेली असते.

पायरी ४ : पाऊस

गाडी वेगात असली की पाऊस आत येत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. अर्धं खरं आहे. पुढच्या काचेवरून उचललेली हवा डोक्यावरून मागे जाते आणि ताशी ७०-८० च्या आसपास हलकी सर तिच्यासोबत निघून जाते. पण तीच हवा सीटमागून वळून पुन्हा आत येते, आणि मागून वारा असेल तर पाणीही आणते. शिवाय पुढे टोल नाका, गतिरोधक किंवा रेल्वे फाटक लागलं की वेग शून्य. या युक्तीचा उपयोग पुढच्या एक-दोन किलोमीटरवर आडोसा दिसत असेल तेवढ्यापुरताच करा, आणि रस्ता ओला होताच वेग वाढवण्याऐवजी कमी करा.

म्हणून पावसाची पिशवी वेगळी असावी आणि ती शेजारच्या माणसाच्या पायाशी किंवा सीटमागे, कधीही डिकीत नाही. ज्या गाड्यांचं छप्पर दुमडून डिकीत जातं, त्यांत तर छप्पर उघडं असताना खालच्या सामानाला हातही नीट पोचत नाही. या पिशवीत मी ठेवतो ते :

– दोन मायक्रोफायबर फडकी आणि एक जुना पंचा
– कंबरेपर्यंतचे दोन रेनकोट, चेनचे. पोंचो नाही, तो वाऱ्यात फडफडतो आणि गिअर-स्टिअरिंगमध्ये येतो
– मोबाइल, पाकीट आणि चाव्यांसाठी झिपची जाड प्लॅस्टिक पिशवी
– सिलपोलीनची ताडपत्री, साधारण सहा बाय आठ फुटांची, आणि दोन इलॅस्टिक दोऱ्या
– रुंद चिकटपट्टी, फाटलेल्या शिवणीवर ऐन वेळी लावायला
– छोटा टॉर्च

ताडपत्री इतवारीत चौकशी केलीत की मापानं कापून मिळेल. जाडी बघून घ्या, अगदी पातळ नको. छप्पर बिघडून अर्ध्यातच अडकलं तर थांबलेल्या गाडीवर टाकायला हीच कामी येते. ती लावून गाडी चालवायची नाही, ती सुटून काचेवर आली तर पुढचं काही दिसणार नाही. जुन्या इंग्लिश गाड्यांना मधोमध चेन असलेलं कापडी झाकण मिळायचं : शेजारची सीट झाकून एकट्यानं चालवायची सोय. तुमच्या गाडीला तसं असेल तर एकट्याच्या प्रवासात ते लावूनच निघा, सामान कोरडं राहतं आणि ऊनही सीटवर पडत नाही.

आता सर आल्यावर नेमकं काय करायचं. समजा छिंदवाडा रस्त्यावर सौंसरच्या अलीकडे आहात, पश्चिमेला आभाळ काळंभोर झालंय आणि मातीचा वास यायला लागलाय. हीच वेळ आहे, थेंब पडेपर्यंत थांबू नका. पेट्रोल पंप दिसला की इंडिकेटर द्या आणि पत्र्याखाली घ्या, पण नोझलच्या रांगेत नाही, कडेला. पंपावरचा माणूस नक्की म्हणतो, "या भाऊ, शेडखाली घ्या, कायले भिजता?" शेजारच्यानं पंचा काढून पुढच्या काचेची वरची कड आणि कुलुपाच्या खाचा पुसायच्या. धूळ आणि पाण्याचा चिखल खाचेत राहिला तर कडी पूर्ण बसत नाही आणि नंतर तिथूनच धार लागते. मग काचा चार बोटं खाली, छप्पर लावायचं, कडी बसल्याचा 'खट्' आवाज ऐकायचा, आणि शेवटी काचा वर. काचा आधीच वर असतील तर त्यांची वरची कड रबरी पट्टीत न शिरता बाहेर राहते. आत बसल्यावर काचांवर धुकं धरतं, कारण आपले कपडे दमट असतात. एसी सुरू करून हवा पुढच्या काचेवर वळवा, आतली हवा फिरवायचं बटण बंद ठेवा.

थांबण्याच्या जागा आधी हेरून ठेवा. समृद्धीवर मधेच कडेला थांबू नका. तिथे कारना ताशी १२० ची मुभा आहे आणि मागून येणाऱ्याला पावसात तुमची बुटकी गाडी फार उशिरा दिसते. वाटेतल्या सुविधा केंद्रावर किंवा इंटरचेंजमधून बाहेर पडूनच थांबा. त्यासाठी समृद्धीवर आभाळ भरून आलेलं असेल तर नागपूरकडच्या टोकाहून, शिवमडक्याहून, निघतानाच छप्पर बंद करून निघणं शहाणपणाचं. मनसरच्या पुढे खवासापर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४४ वर जनावरांना खालून जाता यावं म्हणून लांब उंच पूल बांधले आहेत, कडेला आवाज-उजेड अडवणाऱ्या भिंती आहेत. त्या पुलांवर थांबायचं नाही आणि जंगलाच्या पट्ट्यात छप्पर लावायला खाली उतरायचं नाही. मनसरलाच निर्णय घ्या.

विजा सुरू झाल्या तर गोष्ट वेगळी. पूर्ण धातूच्या टपाच्या गाडीत वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. कापडी छपराच्या गाडीत तसं संरक्षण मिळत नाही, आणि सॅन स्टॉर्मसारख्या फायबर बॉडीच्या गाडीत तर अजिबात नाही. तेव्हा ढाबा असो, पंपाचं ऑफिस असो, पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली गाडी लावू नका. गारा पडायला लागल्या तरीही हेच. जमलं तर छपरावर जाड घोंगडी टाका, कापड आणि मागची काच वाचते.

पायरी ५ : थंडी

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, पचमढी हजार मीटरच्या वर. तेवढ्या चढानं तापमान साधारण पाच अंशांनी उतरतं. त्यात वाऱ्याची भर : १० अंशांच्या हवेत ताशी ६० नं जाताना उघड्या चेहऱ्याला सुमारे ५ अंशांसारखी थंडी लागते. चिखलदऱ्याच्या घाटातही डिसेंबरात हाच अनुभव.

जाड स्वेटर वाऱ्यापुढे टिकत नाही, वारा लोकरीतून आरपार जातो. आत पातळ थर्मल, मध्ये स्वेटर, आणि वर वारा अडवणारं पातळ जॅकेट. हे जॅकेट म्हणजे पावसाच्या पिशवीतला रेनकोटच, वेगळं न्यायची गरज नाही. कानटोपी, पातळ पकडीचे हातमोजे आणि गळ्याभोवती घट्ट बसणारी नळीसारखी पट्टी. मफलर नको, कारण वर सांगितलं आहे. काचा वर, सीटमागे हवा अडवणारी जाळी असेल तर ती उभी, आणि हीटर फक्त पायांकडे. पाय ऊबदार असले की छप्पर उघडं ठेवून पहाटेचा तामिया घाट फार सुंदर लागतो. एक पातळ शाल शेजारच्याच्या मांडीवर असू द्या. चालकाला ती नको, पायांत येते.

पायरी ६ : धूळ, वानरं आणि उभी गाडी

चंद्रपूर रस्त्यावर कोळशाचे ट्रक असतात. त्यांच्यामागे छप्पर उघडं ठेवून जायचं नसतं, अंतर सोडा किंवा छप्पर लावा. साधे मास्क दोन-चार जवळ असू द्या.

रामटेकचा गड, चिखलदरा, पचमढी : तिन्हीकडे वानरं आणि माकडं. उघड्या गाडीत खाण्याचा वास आला की ती आत उतरतात, आणि बंद कापडी छपरावर उड्या मारून ते फाडतात. खाण्याचं काहीही आत ठेवू नका, संत्र्याची सालंसुद्धा. गाडी झाड, भिंत किंवा टपरीच्या छपरापासून लांब लावा, म्हणजे उडी मारायला टेकू मिळत नाही. पार्किंगवाल्या दादांना थोडे पैसे जास्त देऊन लक्ष ठेवायला सांगा, हा खर्च कधीच वाया जात नाही.

पूर्ण गाडीचं कव्हर डिकीची निम्मी जागा खातं. फक्त छप्पर आणि काचा झाकणारं अर्धं कव्हर न्या. ते हवा खेळणाऱ्या कापडाचं असावं. मेणकापडासारखं घट्ट कव्हर ओल्या छपरावर घालून सकाळचं ऊन लागलं की आत वाफ धरते आणि दोन दिवसांत बुरशीचे ठिपके येतात. कव्हर घालण्याआधी गाडीवरची धूळ झटका, नाहीतर तीच धूळ रंगावर घासली जाते.

पायरी ७ : आता डिकी

सगळ्यात शेवटी डिकी, आणि तिच्याबद्दल थोडंच. कडक सुटकेस नकोत, मऊ पिशव्या न्या, दोन मोठ्यांपेक्षा चार लहान बऱ्या. प्रत्येक पिशवीच्या आत कपडे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा. बाहेरून वॉटरप्रूफ लिहिलेल्या पिशवीची चेन गळतेच. मुक्कामी लागणारं तळाशी, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि चपला वर.

छप्पर डिकीत जाणाऱ्या गाड्यांत एक आडवा पडदा असतो, सामानाची हद्द दाखवणारा. तो जागेवर लावल्याशिवाय छप्पर उघडत नाही, आणि सामान त्याच्या वर आलं तर छपराची काच आणि यंत्रणा दोन्ही धोक्यात. म्हणून भरायचं ते छप्पर उघडं आहे असं धरून. घरी सामान भरलं की छप्पर एकदा उघडून, बंद करून बघा, मगच निघा. कित्येक गाड्यांत स्टेपनी नसते, तेव्हा पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप यांची जागा आधी राखा आणि उरलेल्यात कपडे बसवा.

गाडीचे कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये ठेवलेत की ओले होण्याचा प्रश्न मिटतो. तरी जंगलात रेंज जाते, म्हणून छापील प्रती झिपच्या पिशवीत असू द्या.

पायरी ८ : घरी परतल्यावर

ओलं छप्पर दुमडून ठेवू नका, एक रात्रसुद्धा नाही. वाटेत नाइलाजानं दुमडावं लागलं तर घरी येताच उघडून ताणून लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत तसंच राहू द्या. झड लागलेली असेल, ऊनच नसेल, तर गॅरेजमध्ये दारं उघडी ठेवून टेबलफॅन लावा. गालिचे उचलून खालचा फोम हातानं दाबून बघा, कारण वरचं कापड कोरडं लागतं आणि खाली पाणी तसंच असतं. ओल सापडली तर वर्तमानपत्रांच्या घड्या दाबून ठेवा, तासातासानं बदला, आणि लगेच पाण्याची भोकं पुन्हा तपासा. पावसाच्या पिशवीतली फडकी आणि रेनकोट वाळवून, घडी घालून त्याच पिशवीत भरा आणि पिशवी परत सीटमागे ठेवा.